वरचा थर : परावर्तक पाट्यांच्या कामाविषयी

रस्त्यावरची पाटी बनवणाऱ्याला त्याचं खरं गिऱ्हाईक कधीच भेटत नाही. ऑर्डर ठेकेदार देतो, मोजमाप अभियंता घेतो, बिल कार्यालयात मंजूर होतं. पाटी वापरणारा मात्र चौथाच असतो : पावसाळ्यात रात्री दोन वाजता आंबोली घाट उतरणारा टेम्पोचालक. पहिल्या तिघांनी पाटी दिवसाउजेडी पाहिलेली असते. चौथा ती हेडलाइटच्या प्रकाशात दोन-तीन सेकंद पाहतो, आणि ती दिसली नाही तर तसं सांगायला परत येत नाही. परावर्तक पाट्या तयार करण्याच्या पद्धतींवर मराठीत पुस्तक लिहिणाऱ्याने या चौथ्याच्या बाजूने लिहावं, अशी माझी अपेक्षा होती. हस्तलिखित वाचून ती बव्हंशी पुरी झाली. एका प्रकरणाबद्दल माझा वाद आहे, तो पुढे सांगतो.

सुरुवात प्रकाशापासून करावी लागते, कारण धंद्यात मुरलेली माणसंही इथे गडबडतात. पांढरा ऑइलपेंट अंगावर पडलेला प्रकाश चारी दिशांना उधळतो. आरसा तो एकाच दिशेला फेकतो, पण ती दिशा बहुधा आपल्या कामाची नसते. बाजारात जिला सरसकट रेडियम म्हणतात ती फिल्म तिसरंच काही करते. प्रकाश जिथून आला तिथेच ती परत पाठवते, म्हणजे हेडलाइटकडे आणि हेडलाइटच्या थोडं वर बसलेल्या डोळ्यांकडे. हे साधायचे मार्ग दोन : काचेचे बारीक मणी, किंवा एकमेकांशी काटकोन करणाऱ्या तीन पृष्ठभागांचे सूक्ष्म प्रिझम.

मण्यांच्या फिल्मचं तंत्र जुनं. अमेरिकेत थ्रीएम कंपनीने १९३०च्या दशकाच्या अखेरीस ती रस्त्यावरच्या पाट्यांसाठी आणली. त्याच्या थोडं आधी, १९३४ मध्ये, इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी रस्त्यात बसवायच्या ‘कॅट्स आय’चं पेटंट घेतलं होतं, कल्पना त्याच घराण्यातली. मणी उघडे असले तर त्यांच्यावर पाण्याचा थर येताच आतला केंद्रबिंदू सरकतो आणि परावर्तन बसतं. डांबरावरचे पांढरे पट्टे पावसाळी रात्री नाहीसे होतात ते म्हणूनच, कारण तिथले मणी रंगावर उघडेच पेरलेले असतात. फिल्ममध्ये ते पारदर्शक थराखाली बंद असल्यामुळे त्याच पावसात पाटी मात्र दिसत राहते. प्रिझममध्ये किरण तीन भिंतींवर तीनदा आपटून आल्या वाटेने मागे फिरतो. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या चौकटीत असे १०० कोन होते. चांद्रयान-३ च्या विक्रमवरही नासाचा तसाच एक छोटा परावर्तक बसवलेला होता. पाटीच्या फिल्ममधले प्रिझम फारच बारीक, आणि बहुतेक प्रकारांत त्यांच्या पाठीशी बंद कप्प्यांत हवा असावी लागते. ही हवा लक्षात ठेवावी. कप्प्यात पाणी शिरलं की तेवढा तुकडा रात्री काळा पडतो.

पुस्तकात फिल्मच्या प्रकारांचा लांबलचक तक्ता आहे. तो पाठ करायची गरज नाही, मोजके आकडे समजले तरी पुरे. पांढरी ‘टाइप वन’ फिल्म, म्हणजे आपली नेहमीची इंजिनिअरिंग ग्रेड, ठरलेल्या चाचणीत किमान ७० एकक प्रकाश परत देते. टाइप फोर ३६०, टाइप इलेव्हन ५८०, आणि टाइप एट तर ७००. मग ७०० वाली सर्वांत चांगली, असं कोणीही म्हणेल. पण हे आकडे ०.२ अंश कोनाचे आहेत. दिव्याकडून पाटीकडे जाणारी रेषा आणि पाटीकडून डोळ्याकडे येणारी रेषा यांच्यातला हा कोन. तोच ०.५ अंश केला की टाइप एटची किमान अपेक्षा २५० वर घसरते, टाइप इलेव्हनची मात्र ४२० असते. मोटारीत चालकाचे डोळे दिव्यापेक्षा साधारण अर्धा मीटर वर धरले, तर १०० मीटरवरच्या पाटीशी हा कोन ०.३ अंशाच्या आसपास येतो. ट्रकच्या केबिनमध्ये ते अंतर सव्वा मीटर धरलं तर ०.७ अंश. म्हणजे एकाच पाटीसमोर एकाच जागी उभ्या असलेल्या दोघांपैकी ट्रकवाल्याला ती बरीच मंद दिसते. रात्रीची पाहणी झालीच तर ती साहेबांच्या गाडीतून होते, हे इथे आठवावं.

आता पुस्तकाचा गाभा. निविदेत फिल्मचा वर्ग ठळक लिहिलेला असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६७ या संहितेत त्याचे नियम आहेत, आणि हमीची वर्षंही फिल्मच्या वर्गावरून मोजली जातात. पण फिल्म आणि चालकाचा डोळा यांच्यामध्ये आणखी एक थर असतो : लाल, निळा, हिरवा, पिवळा रंग. तो शाईने दिला, फिल्म चिकटवून दिला की प्रिंटरवर छापला, यावर पाटीचं आयुष्य ठरतं. दहा वर्षं टिकणाऱ्या फिल्मवर दोन उन्हाळ्यांत उडणारी शाई घातली तर ती पाटी दोन वर्षांचीच. रंग आणि फिल्म परस्परांना अनुरूप हवेत असं संहिताही सांगते, पण तपासणाऱ्याची नजर फिल्मच्या वर्गावर थांबते. लेखकाने सगळा जोर या वरच्या थरावर दिला आहे, आणि माझ्या मते पुस्तकाची किंमत तिथेच वसूल होते.

हा थर पारदर्शक हवा. कारण प्रकाश त्याच्यातून दोनदा जातो, आत जाताना एकदा आणि परतताना पुन्हा. रंगाने जाताना निम्मा प्रकाश अडवला तर परत येईपर्यंत चौथाईच उरतो. साधी अपारदर्शक लाल शाई किंवा साधं लाल विनाइल लावलं तर दिवसा पाटी झकास दिसते, ट्यूबलाइटखाली तर अगदी शोरूममधली. रात्री तो लाल काळा होतो, आणि ‘थांबा’ची अष्टकोनी पाटी काळ्या ठिपक्यावरची पांढरी अक्षरं होऊन बसते. काळा रंग तेवढा अपवाद. तो अपारदर्शकच हवा. खात्री करायची युक्ती सोपी आहे. अंधारात पाटीपासून दहा मीटरवर उभं राहून मोबाइलची टॉर्च कानशिलाजवळ, डोळ्यापासून पाच सेंटीमीटरवर धरावी. कोन ०.३ अंशाच्या जवळ येतो, म्हणजे जवळपास मोटारचालकाचाच. टॉर्च हात लांब करून धरली तर चांगली पाटीही मेलेली दिसेल, आणि उगाच कारागिराला बोल बसेल.

एकसारख्या पाट्या शेकड्याने करायच्या असतील, म्हणजे वेगमर्यादा, वळण, शाळा, थांबा, तर स्क्रीन प्रिंटिंगला तोड नाही. एकदा फ्रेम तयार झाली की पहिली पाटी महाग पडते आणि शंभरावी स्वस्त. पण हे काम लग्नपत्रिका छापण्यासारखं नाही, असं लेखक बजावतो ते योग्यच. जाळी सेंटीमीटरला साठ-बासष्ट धाग्यांच्या आसपासची लागते. ती जाड घेतली तर शाईचा थर जाड बसतो आणि पाटी रात्री अंधारी होते. फार बारीक घेतली तर दिवसा लाल गुलाबी दिसतो. दिवसाचा रंग आणि रात्रीचा उजेड यांतला मध्य कारागिराला जाळी, शाईचा घट्टपणा आणि स्क्वीजीचा दाब या तिघांतून काढावा लागतो. एकाच पाटीवर मधेच दाब कमी-जास्त झाला तर दिवसा कळत नाही, रात्री मात्र पट्टे उमटतात. सर्वांत जास्त नुकसान घाईने होतं. वरून कोरडी वाटणारी शाई आत ओली असते. पाट्या एकावर एक रचल्या की एकीचा रंग दुसरीच्या पाठीला चिकटतो. जुलैतल्या दमट हवेत हे हमखास घडतं. म्हणून वाळवण्याच्या रॅकसाठी जागा नसलेल्याने स्क्रीनच्या नादी लागू नये, हा लेखकाचा सल्ला मला फार पटला. यंत्राच्या किमतीवर सगळे बोलतात, रिकाम्या जागेच्या भाड्यावर कोणी बोलत नाही.

गावांची नावं आणि अंतरं असलेल्या दिशादर्शक पाट्या एकेकच असतात. तिथे फ्रेम बनवणं म्हणजे पैसे पाण्यात. त्यांच्यासाठी पारदर्शक रंगीत अक्रिलिक फिल्म असते. कारागीर तिला ईसी फिल्म म्हणतात. पूर्ण पत्र्यावर पांढरी परावर्तक फिल्म लावायची, हिरव्या किंवा निळ्या ईसी फिल्ममधून प्लॉटरवर अक्षरं कापून सोलून काढायची, आणि उरलेली रंगीत फिल्म अख्खी वर चढवायची. अक्षरांच्या जागी खालची पांढरी फिल्म उघडी राहते. या पद्धतीचा मोठा गुण असा की परावर्तक फिल्मला कात्री लागते फक्त पाटीच्या कडेला. याउलट हिरव्या परावर्तक फिल्मवर पांढऱ्या परावर्तक फिल्मची अक्षरं कापून चिकटवली तर प्रत्येक अक्षराच्या प्रत्येक कडेला हवेचे कप्पे फुटतात. पाण्याला तेवढ्या वाटा मिळतात, धुळीलाही. शिवाय बऱ्याच प्रिझम फिल्मना दिशा असते. फिल्म वाचवायला अक्षरं आडवी-उभी कशीही मांडून कापली, तर रात्री एकाच नावातली दोन अक्षरं लखलखतात आणि तिसरं मिणमिणतं. चिकटवलेली अक्षरं पूर्ण वर्ज्य आहेत असं नाही. दुरुस्तीत, एखादं अंतर बदलायचं असेल तेव्हा, दुसरा व्यवहार्य उपाय नसतो.

मोठ्या पाटीवर फिल्मचा जोड टळत नाही, कारण रोल साधारण सव्वा मीटर रुंद. आडवा जोड असेल तर वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढवायची, कौलं चढवतात तशी, म्हणजे पाणी जोडात न शिरता ओघळून जातं. इतकी साधी गोष्ट, पण टेबलावर पाटी आडवी ठेवून काम करणाऱ्याच्या हातून ती उलटी होते.

डिजिटल छपाईवर मात्र माझं लेखकाशी जमत नाही. त्याने तिला दीड पानात निकालात काढलं आहे. त्याचा राग समजतो. फ्लेक्सच्या दुकानातल्या मशीनवर, फ्लेक्सच्याच शाईने, परावर्तक फिल्म छापून देणारे गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्या पाट्यांतली किरमिजी आणि पिवळी छटा आधी उडून जाते. लाल चौकट फिकट पडते, काळा तेवढा शिल्लक राहतो. पण हा दोष पद्धतीचा नाही, शाईचा आणि वरच्या संरक्षक फिल्मच्या अभावाचा आहे. फिल्मला अनुरूप शाई, वाहतुकीच्या प्रमाणित रंगांसाठी चार रंगांच्या मिश्रणाऐवजी शक्य तिथे वेगळी लाल, वेगळी हिरवी शाई, आणि वर अतिनील किरण अडवणारी पारदर्शक फिल्म, एवढं पाळलं तर डिजिटल पाटी रस्त्यावर नीट टिकते. अनेक देशांत अशा पाट्या लागतातही. सॉल्व्हंट शाई असेल तर वरची फिल्म चढवण्याआधी छापलेला तुकडा दिवसभर तरी मोकळा ठेवायला हवा, नाहीतर शाईतला वायू आत अडकून फिल्म उचलली जाते. किल्ल्याच्या पायथ्याचा नकाशा, अभयारण्याच्या वेशीवरची प्राण्यांची चित्रं, पर्यटनस्थळाची सहा रंगांची कमान, ही कामं स्क्रीनवर आणि ईसी फिल्मवर करत बसणं शहाणपणाचं नाही. पुढच्या आवृत्तीत हे प्रकरण वाढवावं, असा माझा आग्रह आहे.

देवनागरीवरचं प्रकरण मी दोनदा वाचलं. रात्री गडद पार्श्वभूमीवरचं पांढरं अक्षर आपल्या कडांबाहेर पसरल्यासारखं दिसतं. फिल्म जितकी तेजस्वी आणि आसपासचा काळोख जितका दाट, तितकं जास्त. रोमन अक्षरांना त्याचा त्रास होतोच, पण आपल्याकडे ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक शिरोरेषेजवळच्या एका लहानशा खाचेवर उभा आहे. ती खाच प्रकाशात बुजली की भोरचं मोर होतं आणि धुळ्याचं घुळे. अनुस्वाराचा ठिपका लहान असेल तर तो मात्रेत विरघळतो. स्थानिक माणूस अंदाजाने वाचतो, परगावचा ट्रकचालक अडखळतो. यावर उपाय जास्त जाड अक्षर हा नव्हेच, उलट रेघ थोडी हलकी आणि पोकळ्या मोकळ्या हव्यात. बाजारातले बरेच देवनागरी फॉन्ट छापील कागदासाठी घडलेले आहेत. ते ताणून, फुगवून पाटीवर बसवले की शिरोरेषा इंचभर जाड होते आणि खाली अक्षर गुदमरतं. प्लॉटर हाताळणाऱ्या मुलांना हे बहुधा कोणी शिकवलेलं नसतं. याच कारणासाठी प्रत्येक पाटीला टाइप इलेव्हन लावावी असा आग्रह मला चुकीचा वाटतो. डोक्यावरच्या गॅन्ट्रीला ती हवी, कारण मंद दिव्याचा प्रकाश तिथवर फारसा पोचत नाही. सोसायटीच्या आतल्या रस्त्याच्या नावाला इंजिनिअरिंग ग्रेड पुरते, आणि वाचायलाही सोपी जाते.

खालच्या थराबद्दल थोडक्यात. पत्रा अॅल्युमिनियमचा, दीड-दोन मिलिमीटरचा, किंवा अॅल्युमिनियम कॉम्पोझिट. दुसऱ्याला भंगारात फारसा भाव येत नाही म्हणून तो चोरीला कमी जातो, हा तांत्रिक नसला तरी आपल्याकडे महत्त्वाचा मुद्दा आहे. पत्रा तेलमुक्त करून, रासायनिक प्रक्रिया करून, हात न लावता फिल्मखाली जायला हवा. गाडीवर विनाइल लावणारे साबणाचं पाणी मारून फिल्म सरकवतात. इथे ते चालत नाही, ती कोरडी आणि रोलरच्या सारख्या दाबाखालीच बसवायची. बोल्टखाली नायलॉनचा वॉशर हवा. तो नसेल तर नट आवळताना फिल्म पिळवटते. रत्नागिरी-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत लोखंडी बोल्ट आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की तिथून गंज सुरू होतो, तोही याने बराच टळतो.

फिल्मच्या टिकाऊपणाची चाचणी कशी होते हे वाचताना एक गैरसमज दूर होईल. अमेरिकी मानकानुसार नमुने विषुववृत्ताकडे तोंड करून ४५ अंशांत कलते ठेवतात, म्हणजे ऊन जास्तीत जास्त लागावं. टाइप फोर, इलेव्हनसारख्या फिल्म ३६ महिने ठेवून किमान मूल्याच्या ८० टक्के परावर्तन मागतात. टाइप वनला २४ महिन्यांनंतर ५० टक्के उरलं तरी चालतं. आपल्या पाट्या उभ्या असतात, त्यामुळे त्यांना ऊन कमी लागतं. पण महाराष्ट्रात दक्षिणेकडे तोंड असलेली पाटी उत्तरेकडच्या पाटीआधी फिकी पडते, आणि एकाच चौकात एकाच दिवशी लावलेल्या दोन पाट्या वेगवेगळ्या वयाच्या दिसतात. आधी जातो लाल, मग पिवळा; निळा-हिरवा चिवट. दुर्दैव असं की धोक्याच्या आणि मनाईच्या पाट्यांची चौकट लालच असते.

काही कामं या पद्धतींबाहेरची आहेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना सक्तीच्या झालेल्या हाय सिक्युरिटी नंबरप्लेटमध्ये पत्रा दाबून आकडे उठवतात आणि उठावावर उष्णतेने काळी फॉइल बसवतात. त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते आणि ते काम अधिकृत पुरवठादारांचंच. ऊस हंगामातल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्यांचं मात्र प्रत्येक गावात करता येण्याजोगं. दर वर्षी साखर कारखाने आणि पोलीस त्यांना परावर्तक पट्ट्या लावतात, आणि मळकट लाकडावर, गंजक्या पत्र्यावर थेट चिकटवलेल्या पट्ट्या हंगाम संपायच्या आत सोलपटतात. पट्टी आधी स्वच्छ अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लावून तो तुकडा मागच्या फळीला रिव्हेटने ठोकावा. लेखकाने हे एका परिच्छेदात उरकलं आहे. मी त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं असतं.

शेवटचं प्रकरण पाटीच्या पाठीवर आहे. बसवल्याची तारीख, फिल्मचा प्रकार, रंग कोणत्या पद्धतीने दिला आणि कोणती शाई वा फिल्म वापरली, एवढं मागे लिहिलेलं असलं तर सात वर्षांनी फिकट पडलेल्या पाटीवरून काहीतरी शिकता येतं. नसलं तर पुरवठादार आणि कार्यालय यांचा नुसता पत्रव्यवहार होतो. ही नोंद कशाने लिहावी, म्हणजे ती पाटीआधी पुसली जाणार नाही, हे लेखकाने पान-दीड पानात सांगितलं आहे. सगळं पुस्तक वाचायला सवड नसलेल्या ठेकेदाराने निदान ते पान वाचून कामाला लागावं.